इतर

जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या फॉर्मात रग्बी नव्हतं.
कारकुनाने तीनदा विचारलं, हँडबॉल लिहू का?
उल्का कुबल म्हणाली, नको.
मग त्याने 'इतर'पुढे बरोबरची खूण केली
आणि त्या खुणेत बाई बावीस वर्षं राहिल्या.

तासिका तत्त्वावर पीटी, आठवड्याला अकरा तास.
मैदान तळाशीलचं. इकडे नदी, तिकडे दर्या,
मध्ये सुरूच्या वाशांचे गोलखांब, जुन्या जाळ्याच्या दोरीने बांधलेले.
सरावाची वेळ फळ्यावर नसायची,
तिथीची पाऊणकी करायची.
द्वादशी, म्हणजे नऊला भरती, म्हणजे तीनला सुकती,
म्हणजे शेवटचा तास बुडवायचा, गणिताचा.
गणिताच्या सरांना हे गणित कधी सुटलं नाही.

पहिला आठवडा नुसतं पडायला शिकलो.
"टकली बाजूक, खांदो पोटात.
आणि पाय सोडू नको गो,
पाय सोडलंस काय मासो गेलो."

माझी आई सुरूच्या बनातून ओरडली,
"चेडवाचा लगीन करूचा आसा माका, हाडां मोडतलास तिची?"
बाई चेंडूची वाळू झाडत म्हणाल्या,
"रापण ओढूक इली तेव्हा कोणी विचारल्यान?"
आईने दोराने सोललेले तळवे
पदरात घेतले, आणि थांबली सराव संपेपर्यंत.

स्क्रम आम्हाला समजावून सांगावा लागला नाही.
पास मात्र जड गेला.
रापणीत माणसं मागे चालतात तेव्हा जाळं पुढे येतं.
इथे चेंडू मागे द्यायचा
आणि न बघता धावायचं,
मागे कोणीतरी आहे असं धरून.

भुवनेश्वर. शून्य-त्रेचाळीस.
पुढच्या वर्षी पाच-एकतीस.
ते पाच तन्झिला सोलकरचे.
रेषेपलीकडे चेंडू टेकवून ती उठलीच नाही,
बाई धावत गेल्या, बर्फ घेऊन.
ती हसत होती,
तोंडातल्या गार्डमुळे आवाज फुटत नव्हता.
परतीच्या गाडीत प्रत्येकीला पाच रुपयांचे शेंगदाणे.
गुणांचे, म्हणाल्या बाई.

राज्य संघाचं पत्र आलं त्यात बाई 'महिला व्यवस्थापक'.
प्रशिक्षक कोणी साहेब, कोरी शिट्टी, कोरी टोपी.
बाईंकडे आधारच्या झेरॉक्स, पॅड,
कुणाची पाळी कधी, कुणी घरी काय सांगून आलीय.
मध्यंतरात साहेब फळ्यावर बाण काढत होते.
मी दोन नंबर, बाईंकडे बघत होते.
बाईंनी डावा खांदा खाजवला.
एवढं पुरे होतं.
तो सामना आम्ही जिंकलो.
अहवालात बाणांचा उल्लेख आहे.

दर दिवाळीत बाई मैदान पावलांनी मोजायच्या.
सत्तर. मग एकसष्ट. मग बावन्न.
दर्याने आधी आमची विंगची जागा खाल्ली,
पंधराच्या आम्ही सात झालो.
गेल्या साली बंधाऱ्याचे काळे दगड
डंपरने आणून ओतले, बरोबर आमच्या रेषेवर.
बाई एका दगडावर बसल्या, चहा प्यायल्या.
काहीच बोलल्या नाहीत. मला वाटलं, संपलं.

मी आता आचऱ्याच्या आरोग्य केंद्रात.
काल बाई गुडघा दाखवायला आल्या.
स्क्रीनवर रकाना: व्यवसाय.
गृहिणी, शेती, मासेमारी, नोकरी, इतर.
टाइप करायला जागाच नाही.
माझं बोट तसंच थांबलं.
"दाब गो 'इतर'," बाई म्हणाल्या, "माझा सवयीचा हा.
आज चतुर्दशी. साडेचारांक सुकती.
न्हयच्या बाजूक अजून वायच रेव आसा,
सात चेडवां येतली."

माझी ड्यूटी पाचला सुटते, म्हटलं.

"मगे धावत ये."